लॉनवरच्या सात्या

“चोर! ए चोरटे! ऊठ तिथून!”

गोविंदाने बांधावरून उडीच मारली. मागोमाग छकुलीने. दोघं भावंडं दिवस उजाडताच टोपलं घेऊन वारुळाकडे आली होती, आणि बघतात तर तिथे आधीच कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं! हातात खुरपं!

ती गार्गी होती. आठवीतली. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्या उत्तमरावांची भाची. पोळ्याच्या सुट्टीत बुलढाण्याहून मामाकडे आली होती.

“चोर कुणाला म्हणतोस रे?”

“तुले! हे वारूळ आमचं आहे.”

“वारूळ वाळवीचं असतं.”

“वा वा! आमच्या मागं मागं आली अन् वरून आम्हालेच शिकवून राह्यली!”

गार्गीचे कान लाल झाले. मागे मागे आली होती हे खरंच होतं. काल संध्याकाळी तिने दोघांना इकडे येताना पाहिलं होतं आणि जागा लक्षात ठेवली होती.

या गावात ही फार वाईट गोष्ट समजतात. सात्या म्हणजे वारुळातून वर येणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. श्रावण सरता सरता येतात, दोन-चार दिवस राहतात आणि चवीला अशा की मटण बाजूला ठेवावं! ज्याची त्याची सात्यांची जागा ठरलेली असते आणि ती कुणी कुणाला सांगत नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही!

गोविंदाच्या घराच्या दोन जागा होत्या. मोठं वारूळ रस्त्याकडच्या उतारावर होतं. तो उतार उत्तमरावांनी विकत घेतला आणि उन्हाळ्यात त्यावर जेसीबी घातला. वारूळ गेलं. त्याची माती ट्रॉलीत भरून, शेणखत मिसळून, हॉटेलसमोर पसरली आणि वर हिरवं लॉन लावलं. गोविंदाची आई संजीवनी त्याच हॉटेलात स्वयंपाक करते. त्या दिवसापासून ती मालकाशी कामापुरतंच बोलते. गोविंदा तेवढंही बोलत नाही.

“अन् हे काय केलं तू?” गोविंदा ओरडला. “मुळासकट उपटली? सात्या वरच्यावर मोडायच्या असतात! तुह्या मामानं एक वारूळ खाल्लं, हे तू खाय!”

“एकच काढली. मला बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“हे.” गार्गीने हातातली सात्या पुढे धरली.

वर छोटी छत्री, मधोमध टोक. खाली दांडा. आणि दांड्याखाली हे लांबच लांब मूळ! गार्गीच्या कोपरापर्यंत आलं होतं, शेवटी दोऱ्यासारखं बारीक, आणि तरीही तुटलेलंच होतं.

“अगं माय!” छकुली खाली बसली. “एवढं कोठी जाते हे?”

“खाली वाळवीच्या घरात. वाळवी खाली शेती करते हिची, त्या शेतातून ही वर येते. सात्या ओळखायची पहिली खूण ही. वाळवी नाही तर सात्या नाही.”

“आम्हाले माहीत आहे,” गोविंदा म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. खणूनच कुणी पाहिलं नव्हतं ना!

“माहीत आहे? मग सांग, मामाच्या लॉनवर उगवल्यात त्यांना हे मूळ का नाही?”

गोविंदाने तिच्या हातातलं मूळ ओढून घेऊन पाहिलं.

लॉनवर सात्या उगवल्या ही बातमी गावभर झाली होती. वारुळाची माती आणली, म्हणून सात्याही आल्या, असं उत्तमराव सगळ्यांना सांगत होते. सगळ्यांना पटलंही होतं. गोविंदालाही! त्याचाच तर त्याला जास्त राग होता. आमचं वारूळ मोडलं आणि आमच्याच सात्या याच्या दारात उगवल्या!

आणि आज तर हॉटेलवर रानभाजी महोत्सव होता. रस्त्यावर बॅनर लागला होता. ‘खास आकर्षण : वारुळावरच्या सात्यांची भाजी!’ दुसरबीडकडून पाहुणे येणार होते, डोणगावच्या एका शाळेची पोरं सहलीला येणार होती.

“मुळं नाहीत?” गोविंदाने हळूच विचारलं. “नीट पाह्यलं तू?”

“स्वतः बघ ना! की मामाच्या दारात पाय ठेवला तर विटाळ होतो?”

“जास्त बोलू नको वं! चल!”

लॉन हॉटेलच्या पुढच्या अंगाला होतं. छत्र्या गोलात उगवल्या होत्या. मोठ्या ताटलीएवढ्या काही, काही अजून मिटलेल्या, अंड्यासारख्या. पांढऱ्याशुभ्र, वर तपकिरी खवले.

गोविंदाने एक मोडली. नाही, मोडायची वेळच आली नाही. नुसती हलवली तर बुडासकट हातात आली! खाली गोल गड्डा. मूळ नाही.

“अन् टोक कुठं आहे मधात?” छकुली म्हणाली.

“शाबास! टोक नाही. आता हे बघ.” गार्गीने दांड्यावरची पातळ कडी बोटाने ढकलली. कडी बांगडीसारखी वर-खाली सरकली. “तुमच्या सात्येला अशी बांगडी आहे?”

नव्हती.

“मंग ह्या काय आहेत?” गोविंदाने विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता.

“मला एका जातीचा संशय आहे. विषारी. पण खात्री नाही. छाप घ्यावी लागेल.”

“कसली छाप?”

“छत्रीच्या खालच्या पाकळ्यांतून बारीक भुकटी पडते. ते तिचं बी. उघडलेली छत्री पांढऱ्या कागदावर पालथी... म्हणजे पाकळ्या खाली करून ठेवायची. काही तासांनी भुकटीची छाप उमटते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी हेच केलं होतं. सात्येची छाप फिकी गुलाबी पडते. आणि ती विषारी जात असली तर हिरवी. हिरवी छाप दुसऱ्या कुणाचीच सहसा पडत नाही.”

“अन् हिरवी नाही पडली तर?”

“तर मी येडी ठरेन आणि तू खूश होशील!”

तेवढ्यात हॉटेलच्या मागून ओकाऱ्यांचा आवाज आला. तिघंही पळाली.

मागच्या खोलीत माळीकाम करणारे भागवतकाका खाटेवर आडवे पडले होते. तोंड पांढरंफटक. खाली बादली.

“काका! काय झालं?”

“काही नाही बाप्पा... जा तुम्ही. मालक रागावतीन.”

“काका, तुम्ही लॉनवरच्या सात्या खाल्ल्या?” गार्गीने थेटच विचारलं.

भागवतकाकांनी दाराकडे पाहिलं. “काल सांजच्याले दोन भाजल्या चुलीवर. जेवून घंटाभर झाला नाही तोच पोटात कालवलं. मालक म्हणते अर्ध्या कच्च्या खाल्ल्या म्हणून झालं. चांगल्या शिजवल्या की काही होत नाही म्हणते. कोणाले सांगू नको म्हणे, पाहुणे येऊन राह्यले.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता भांडायला वेळ नव्हता!

स्वयंपाकघरात संजीवनी कांदा चिरत होती. बाजूच्या मोठ्या टोपल्यात मिटलेल्या कोवळ्या छत्र्या धुऊन ठेवल्या होत्या. उघडलेल्या नाहीत, फक्त कोवळ्या.

“आई, ह्या करू नको!” गोविंदाने धापा टाकत सगळं सांगितलं.

संजीवनीने सुरी खाली ठेवली. एक छत्री उचलून हुंगली. “मलेही वास वेगळाच येऊन राह्यला होता. पण मी बोलली तर लोक काय म्हणतीन? वारुळाचा राग काढून राह्यली. अन् नाही बोलली, अन् कोणाले काही झालं, तर भाजी कोणाच्या हातची? माह्या! दोन्हीकडून मरण माहंच आहे.”

“कुणाचं मरण?”

दारात उत्तमराव उभे होते. पांढरा कडक शर्ट, खिशाला गुलाबी फीत, हातात मोबाइल.

“मामा, या सात्या नाहीत,” गार्गी म्हणाली. “भागवतकाकांना...”

“भागवत्याले सवय आहे काहीबाही खायची! हे पाय.” त्यांनी मोबाइल तिच्या नाकापुढे धरला. “मी फोटो काढून टाकला. ॲप म्हणते खायची आहे! अन् मी चांदीचा शिक्का घालून उकळून पाह्यल्या. शिक्का काळा पडला? नाही पडला!”

“चांदीचा काही संबंध नसतो मामा! सगळ्यात विषारी छत्रीतही चांदी काळी पडत नाही. आणि ॲपला नुसता वरून फोटो दाखवला तुम्ही. बांगडी दाखवली? बूड दाखवलं?”

“बस!” उत्तमराव एवढ्या जोराने ओरडले की छकुली गोविंदाच्या मागे लपली. “मामाच्या घरी राहून मामालेच खोटं पाडते? अन् हे पोट्टे कोणं आत घेतले? संजीवनीबाई, तुमचं मन मले माहीत आहे. वारूळ गेल्यापासून डोळ्यात खुपून राह्यलो मी तुमच्या. आज जर भाजी झाली नाही, तर उद्यापासून इकडं फिरकायचं नाही. अन् तुम्ही! निघा!”

“पण मामा, मुलं खाणार आहेत...”

“निघा म्हटलं ना!”

दार धाडकन लागलं.

तिघं चिंचेखाली बसली. गोविंदा दगड उचलून फेकत होता.

“कागदावर छाप घेतली तरी तुहा मामा फाडून टाकीन,” तो म्हणाला. “माणसंही म्हणतीन, घरूनच रंगवून आणली. आमचं तर कोणी ऐकतच नाही. आम्ही रागातले!”

“आणि माझं ऐकत नाहीत कारण मी लहान,” गार्गी म्हणाली. “छाप अशा जागी पाहिजे की सगळ्यांना दिसेल. आणि आपण केली असं कुणाला म्हणता येणार नाही.”

मांडवात गडबड चालली होती. लांबच लांब टेबल, त्यावर कोरी पांढरी चादर. त्यावर रानभाज्या मांडायच्या होत्या. तरोटा, करटुली, कुंजीर, अंबाडी. चादर एवढी पांढरी होती की उन्हात डोळे दिपत होते.

गार्गी एकदम उठून उभी राहिली. “गोविंदा! चादर!”

गोविंदाने चादरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पहिल्यांदाच हसला. “हाव वं!”

मामाची भाची मांडणीला मदत करते म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. तिने लॉनवरच्या सगळ्यात मोठ्या उघडलेल्या छत्र्या आणल्या, दांडे कापले. गोविंदाने पळत जाऊन वारुळावरच्या दोन सात्या मोडून आणल्या. घरी भाजीला न्यायच्या होत्या त्यातल्या! जिवावर आलं होतं, पण आणल्या.

पण एक घोळ झाला. मांडणीवाल्या पोराने सगळ्या छत्र्या उलट्या करून ठेवल्या, पाकळ्या वर! गार्गीने सरळ केल्या. त्याने परत उलट्या केल्या.

“अरे, तशा नको ठेवू!”

“मले कामं सांगू नको वं! पाकळ्या दिसल्या पाहिजे!”

भांडण वाढणार तोच उत्तमराव तिकडे आले. गार्गी टेबलापासून दोन पावलं मागे सरली.

“काय लावलं रे हे?” ते मांडणीवाल्यावर खेकसले. “छत्री कधी उलटी ठेवते काय? पावसात उलटी छत्री धरतो काय तू? सरळ ठेव! अन् कोणी हात लावायचा नाही. पाहुण्यांसमोर मी उचलून दाखवीन!”

“बरोबर आहे मामा,” गार्गी अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली.

टेबलाखाली छकुलीने तोंडात फ्रॉकची कड कोंबली होती. हसू आवरत नव्हतं!

मग वाट पाहणं आलं. ते सगळ्यात कठीण! पाहुणे आले, भाषणं सुरू झाली. एकाने बोलायला सुरुवात केली, तो थांबेचना. नेहमी अशा भाषणांचा कंटाळा येतो, पण आज गोविंदाला वाटत होतं, बोल बाप्पा बोल! आणखी बोल!

“आता उचलून पाहू?” तो सारखा विचारत होता.

“नाही! हलवली की छाप फिसकटेल.”

“अन् आतापर्यंत पडलीच नसली तर?”

“गप बस ना रे! मला काय कमी भीती वाटते का?”

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. संजीवनीने भाजी टाकायचं शक्य तेवढं लांबवलं होतं, पण मालक डोक्यावर उभा राहिला, मग टाकावीच लागली. सहलीची पोरं पंगतीला बसायला लागली. पत्रावळी आल्या. भाकरी आल्या.

“बादल्या कोठी गेल्या बे?” वाढपी ओरडला. “वाढायच्या बादल्या! आत्ता इथं होत्या!”

छकुली सोयाबीनच्या वावरातून फ्रॉक झटकत आली आणि भावाशेजारी येऊन साळसूद उभी राहिली.

“किती?” गोविंदाने ओठ न हलवता विचारलं.

“सगळ्या!”

वाढपी इकडे तिकडे धावत होते, तेव्हा इकडे उत्तमरावांनी माइक हातात घेतला. “पाहुणे मंडळी, जेवणाआधी आपलं खास आकर्षण पाहा!” शेजारी प्रमुख पाहुण्या वासंतीबाई होत्या. मेहकरला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या आत्ताच येऊन टेकल्या होत्या.

“ही पाहा आमच्या लॉनवरची सात्या! वारुळाच्या मातीतली! शुद्ध!” उत्तमरावांनी दोन्ही हातांनी मोठी छत्री उचलली.

चादरीवर गोल छाप उमटली होती. चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक बारीक रेषा. हिरवी! शेवाळासारखी हिरवी!

मागच्या रांगेतली माणसं उठून टेबलाकडे सरकली.

“हे... हे डाग कोणं पाडले?” उत्तमरावांनी दुसरी उचलली. हिरवी. तिसरी. हिरवी! “पोट्ट्यांनो! रंग टाकला तुम्ही चादरीवर!”

“त्या ठेवल्यावर कोणी हात नाही लावला काका!” गोविंदा पुढे आला. “तुम्हीच ठेवायले लावल्या. सगळ्यांसमोर! अन् छाप तर आमच्या सात्यांखालीही पडली असीन, पण हिरवी नाही. उचला त्या!”

वासंतीबाईंनीच उचलल्या. सात्येखाली जेमतेम दिसेल अशी फिकी गुलाबी भुकटी होती.

“भाजी वाढली का?” त्यांनी एकदम विचारलं. आवाज असा की वाढपी जागच्या जागी थिजले. “एकाही पानात घालू नका! ही विषारी आहे. तासा-दोन तासांत ओकाऱ्या, जुलाब. लहान मुलांना तर दवाखान्यातच न्यावं लागेल.”

“पण शिजवली आहे ना बाई चांगली...”

“शिजवून जोखीम घ्यायची का? या पोरांच्या पोटावर?”

“मागच्या खोलीत भागवतकाका आहेत,” गार्गी म्हणाली. “त्यांनी काल खाल्ल्या. त्यांना आधी न्या!”

वासंतीबाईंनी आपली गाडीच दिली. भागवतकाकांना दोघांनी धरून आणलं तेव्हा पंगतीतल्या लोकांनी ते पाहिलं आणि मग मात्र सगळे एकदमच बोलायला लागले. कुणी शिव्या दिल्या. सहलीच्या सरांनी उत्तमरावांची कॉलरच धरली असती, मध्ये माणसं पडली म्हणून बरं!

“मॅडम, या कोवळ्या असताना पाकळ्या पांढऱ्याच असतात ना?” गार्गीने विचारलं. “म्हणून स्वयंपाकघरात कुणाला कळलं नाही.”

“बरोबर. पण तुला कसं कळलं?”

“मूळ नव्हतं. ते यांच्या वारुळामुळे कळलं. यांनी मला चोर म्हटलं, पण माझं ऐकलं!”

“चोर तर तू आहेच,” गोविंदा म्हणाला. वासंतीबाई हसल्या आणि त्यांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवले. “मी एवढी वर्षं शिकवलं. मी आले नसते तरी या पोरांनी ही पंगत वाचवली असती. छाप त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती!”

उत्तमराव टेबलाशी एकटेच उभे होते. गुलाबी फीत अजून खिशाला होती. संजीवनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि त्यांच्यासमोर थांबली.

“मले वाटलं,” ते खाली पाहत म्हणाले, “माती आणली म्हणजे सात्याही आल्या.”

“माती आणली उत्तमराव. वाळवी कोठी आणली?”

उत्तमरावांनी हातातली छत्री हिरव्या छापेवर परत ठेवली. मग माइक उचलला. “मंडळी, आज पिठलं-भाकर अन् तरोट्याची भाजी. थोडं थांबा.” खिशाची फीत काढली. “माह्या भाचीनं सकाळीच सांगतलं होतं. संजीवनीबाईच्या पोरानंही सांगतलं. मी हाकलून दिलं. त्याईनं ऐकलं नाही माहं, म्हणून आज तुम्ही सगळे धड आहा. चूक माही होती. संजीवनीबाईची नाही. हे सगळ्यांनी कान देऊन ऐका.”

टाळ्या वाजल्या त्या सहलीच्या पोरांनी वाजवल्या. मोठ्यांनी नंतर.

भाजीचं पातेलं मागे नेलं. उत्तमरावांनी कुणाला सांगितलं नाही, स्वतःच फावडं घेतलं आणि खड्डा खणायला लागले. कडक शर्ट घामाने अंगाला चिकटला. फावडं नुसतं वरवर खरवडत होतं.

गोविंदा थोडा वेळ बघत राहिला. राग गेला नव्हता. मोडलेलं वारूळ काही टाळ्यांनी परत उभं राहत नाही. पण त्यांचं असं खणणं त्याला बघवेना.

“काका, व्हा तिकडं. कुत्रे उकरून खातीन एवढ्यात.” त्याने दुसरं फावडं उचललं. “खोल पाह्यजे. ए बुलढाणा! उभी काय राह्यली? माती ओढ!”

गार्गीने बाह्या वर केल्या.